भंडाऱ्याची जागा रिकामी का झाली?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर लोकसभेच्या निवडणुकीत दोनदा पराभूत झाले, एकदा मुंबईत आणि एकदा भंडाऱ्यात, हे वाक्य त्यांच्या बहुतेक चरित्रांत येते. मुंबईच्या पराभवावर चरित्रकार चार पाने तरी खर्ची घालतात. भंडाऱ्याची बोळवण मात्र एखाद्या परिच्छेदात होते. एक तर मुंबईसारखे तिथे वर्तमानपत्रांचे ठाणे नव्हते, आणि दुसरे म्हणजे ती पोटनिवडणूक होती. पोटनिवडणुकीकडे आपण मूळ निवडणुकीचे शेपूट म्हणूनच पाहतो.

मला मात्र एका अगदी साध्या प्रश्नाने बरेच दिवस सतावले होते. पोटनिवडणूक व्हायची तर आधी जागा रिकामी व्हावी लागते. मग १९५४ साली भंडाऱ्याची जागा रिकामी झाली ती कशामुळे? कोणी सभासद वारला होता काय? कोणी राजीनामा दिला होता काय? इतिहास शिकविणाऱ्या दोघा स्नेह्यांना मी विचारले. दोघांनीही ‘वारला असेल’ असे उत्तर दिले. खरे उत्तर मला कोणत्याही चरित्रात न सापडता सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालपत्रात सापडले. ते वाचल्यापासून माझ्या मनात भंडाऱ्याची ही निवडणूक पराभवाची गोष्ट म्हणून राहिलेली नाही. जागा ज्या कारणासाठी रिकामी झाली ते कारण, आणि त्या जागेसाठी जो माणूस उभा राहिला तो माणूस, यांचा एकमेकांशी असा काही संबंध आहे की कादंबरीकाराने तो जुळविला असता तर आपण त्याला ओढूनताणून आणलेला म्हटले असते.

प्रथम एक दुरुस्ती करून ठेवतो. भंडाऱ्याची जागा रिकामी झाली नव्हती; जागा रिकाम्या झाल्या होत्या, आणि त्या दोन होत्या. आजच्या तरुण वाचकाला हे चमत्कारिक वाटेल. परंतु १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत लोकसभेच्या ४८९ जागांसाठी मतदारसंघ होते अवघे ४०१. त्यांपैकी ८६ मतदारसंघांतून प्रत्येकी दोन सभासद निवडावयाचे होते. बंगालच्या उत्तर भागातील एका मतदारसंघातून तर तीन! अशा दुहेरी मतदारसंघात एक जागा सर्वसाधारण असे आणि दुसरी अनुसूचित जातींसाठी वा जमातींसाठी राखीव असे. भंडारा त्यांतलाच एक. त्या वेळी तो जिल्हा मध्यप्रदेश राज्यात होता, राजधानी नागपूर होती आणि आज स्वतंत्र जिल्हा असलेले गोंदिया भंडारा जिल्ह्यातच मोडत होते. १९५२ मध्ये येथून काँग्रेसचे दोन उमेदवार निवडून आले: सर्वसाधारण जागेवर चतुर्भुज जसानी आणि राखीव जागेवर तुलाराम साखरे. या निवडणुकीविरुद्ध निवडणूक लवादापुढे अर्ज झाला, तेथून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १५ फेब्रुवारी १९५४ रोजी निकाल लागला. निकालपत्र न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिले. हे बोस नागपूरचेच वकील आणि पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश. ज्या मुलखाविषयी ते लिहीत होते तो त्यांना परका नव्हता, आणि निकालपत्र वाचताना ते जाणवते.

न्यायालयापुढे दोन वाद होते. पहिला बिड्यांचा.

भंडारा-गोंदियाच्या जंगलांत तेंदूचा पाला अमाप, आणि त्यावर तेथील बिडीचा धंदा उभा राहिलेला. जसानी हे मुळजी सिक्का आणि कंपनी या बिडी कारखानदार पेढीचे एक भागीदार होते. या पेढीचा केंद्र सरकारशी करार होता. सैनिकांच्या कँटीनसाठी तिने बिड्या पुरवावयाच्या होत्या. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्याप्रमाणे, सरकारला माल पुरविण्याच्या करारात ज्याचा हितसंबंध आहे त्याला उमेदवार होता येत नसे. आता जसानींच्या बाजूने एक मोठा खुबीदार युक्तिवाद झाला. घटना म्हणते की सरकारचा करार राष्ट्रपतींच्या नावे आणि विहित रीतीने झाला पाहिजे. बिड्यांचा करार तसा झालेला नाही. सबब तो करारच नव्हे, आणि करारच नव्हता तर अपात्रता कोठली? न्यायमूर्तींनी हे मान्य केले नाही. सरकारी अधिकारी रोज शेकडो बारीकसारीक व्यवहार करतात, त्यांतले कित्येक साध्या पत्राने किंवा तोंडी होतात. त्या प्रत्येकासाठी राष्ट्रपतींच्या नावाचा दस्तऐवज हवा म्हटले तर राज्यकारभार एक दिवस चालणार नाही, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. करार सरकारवर बंधनकारक नसेल, परंतु तो मुळात झालाच नाही असे म्हणता येणार नाही. जसानी अपात्र ठरले. सरकारी करारांचा कायदा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही वाचावा लागतो. भंडाऱ्याचे नाव त्यांच्या तोंडी येते ते बिड्यांमुळे, ही या कथेतली एक गंमतच म्हणायची.

दुसरा वाद मात्र गमतीचा नव्हता. राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे नावाच्या गृहस्थांनी अर्ज भरला होता. ठवरे जन्माने महार. परंतु त्यांनी महानुभाव पंथाची दीक्षा घेतली होती. निवडणूक अधिकाऱ्याने त्यांचा अर्ज फेटाळला. कारण असे की महानुभाव पंथ जातिभेद मानीत नाही. तेव्हा जो महानुभाव झाला तो महार उरला नाही, आणि जो महार उरला नाही त्याला महारांसाठी राखलेली जागा लढविता येणार नाही.

मराठी वाचकाला महानुभावांविषयी मी काय सांगावे? तेराव्या शतकात चक्रधरांनी या मुलखात ज्या पंथाची स्थापना केली, ज्याने संस्कृतची वाट सोडून मराठीत आपले शास्त्र सांगितले, स्त्रियांना आणि शूद्रांना संन्यासाचा अधिकार दिला आणि विटाळ मानला नाही, त्याच्या ‘लीळाचरित्रा’पासून मराठी गद्याचा इतिहास सुरू होतो. हा पंथ विदर्भातला, रिद्धपूरचा. आणि सातशे वर्षांनी त्याच विदर्भातल्या एका निवडणूक कचेरीत प्रश्न उपस्थित झाला की चक्रधरांचा उपदेश अनुयायांनी खरोखर किती पाळला? कारण सगळे त्यावर अवलंबून होते. पंथाने जात पुसली असेल तर ठवरे यांचा अर्ज बाद. पंथाला जात पुसता आली नसेल तर अर्ज कायदेशीर.

न्यायमूर्ती बोस यांनी तीन कसोट्या लावल्या. माणसाने नवा पंथ स्वीकारल्यावर त्याच्या जुन्या समाजाने त्याच्याशी कसे वर्तन केले? त्या माणसाचा स्वतःचा हेतू काय होता, जुने सामाजिक आणि राजकीय नाते त्याला तोडावयाचे होते की राखावयाचे होते? आणि नव्या पंथाचा नियम काय सांगतो? पुरावा पाहून त्यांनी निष्कर्ष काढला की संस्थापकाची मते काहीही असोत, पुढच्या काळातील अनुयायांनी ती कडकपणे पाळलेली नाहीत. महार माणूस महानुभाव झाला तरी जातीच्या कार्यात त्याला पूर्ववत् स्थान मिळते, जातीत त्याची सोयरीक होते, आणि ठवरे स्वतःला महारच म्हणवीत आले आहेत. तेव्हा ते महारच राहिले. त्यांचा अर्ज फेटाळणे चुकीचे होते, आणि एका उमेदवाराला अन्यायाने बाहेर ठेवून झालेली निवडणूक समूळ रद्द. जसानींबरोबर साखरे यांचीही जागा गेली. त्यांनी बिड्याही पुरविल्या नव्हत्या आणि पंथही बदलला नव्हता.

या निकालातली सूक्ष्म वेदना लक्षात यावी म्हणून मी थोडा थांबतो. ठवरे यांना न्याय मिळाला यात शंका नाही. परंतु तो मिळण्यासाठी भर न्यायालयात सिद्ध व्हावे लागले की सातशे वर्षांच्या समतेच्या उपदेशाने महाराचे महारपण सुटले नाही. उपदेश यशस्वी ठरला असता तर त्यांचा हक्क गेला असता. तो फसला म्हणून हक्क राहिला.

निकालानंतर तीन महिन्यांच्या आत पोटनिवडणूक झालीसुद्धा. (हल्ली हे काम इतके चटकन उरकत नाही. २०२३ च्या मार्चमध्ये पुण्याची लोकसभेची जागा रिकामी झाली, उच्च न्यायालयाने पोटनिवडणूक घेण्यास सांगितले, आणि तरी ती २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत रिकामीच राहिली.) १९५४ च्या मे महिन्यात, विदर्भाच्या ऐन उन्हाळ्यात, भंडाऱ्याने पुन्हा मतदान केले. राखीव जागेसाठी शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या वतीने स्वतः बाबासाहेब उभे राहिले. सर्वसाधारण जागेसाठी त्यांच्या जोडीला प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता होते.

बाबासाहेबांनी उभे का राहावे? मंत्रिमंडळाचा राजीनामा त्यांनी १९५१ च्या सप्टेंबरात दिला होता, हिंदू संहितेच्या विधेयकाचे जे झाले त्याने विटून. १९५२ मध्ये मुंबई विधिमंडळाने त्यांना दिल्लीच्या वरिष्ठ सभागृहात पाठविले होते. बोलावयाला व्यासपीठ होते. प्रकृती तर खचत चालली होती. मधुमेह आणि सांधेदुखी यांनी त्यांना जेरीस आणले होते. पण जनतेने निवडून दिलेल्या सभागृहात जनतेच्या मतावर जावे ही आकांक्षा त्यांनी सोडली नव्हती असे मला वाटते. आणि विदर्भ हा फेडरेशनचा बालेकिल्ला होता. तेथील महार समाज संख्येने मोठा आणि बाबासाहेबांवर जीव टाकणारा.

मुंबईचा अनुभव मात्र ताजा होता. १९५२ मध्ये उत्तर मुंबईचा दुहेरी मतदारसंघ त्यांनी याच अशोक मेहतांच्या जोडीने लढविला होता. काँग्रेसचे नारायण काजरोळकर त्यांच्याहून १४,५६१ मते अधिक मिळवून गेले आणि जोडीदार मेहताही पडले. त्या निवडणुकीत बाद ठरलेल्या मतपत्रिका ७४ हजारांवर होत्या! विरोधकांनी दुसरे मत फुकट घालविण्याचा प्रचार केला अशी तक्रार बाबासाहेबांनी आणि मेहतांनी लवादापुढे नेली. ती फेटाळली गेली.

हे ‘दुसरे मत’ काय प्रकरण होते ते सांगितल्याशिवाय भंडारा कळणार नाही. दुहेरी मतदारसंघात प्रत्येक मतदाराला दोन मतपत्रिका मिळत, मग तो कोणत्याही जातीचा असो. त्यांवर उमेदवारांची नावे नसत. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची निराळी पेटी, तिच्यावर त्याचे चिन्ह: काँग्रेसची बैलजोडी, फेडरेशनचा हत्ती. दोन पत्रिका दोन निराळ्या पेट्यांत टाकावयाच्या. दोन्ही एकाच पेटीत पडल्या तर एक बाद. भंडारा जिल्ह्यातील एका वृद्ध गृहस्थांशी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी माझे बोलणे झाले होते. चोपन्न साली त्यांनी मत दिले होते. मी त्यांना विचारले, दोन चिठ्ठ्यांचा घोटाळा होत नव्हता का? ते म्हणाले, “मतं दोन होती जी, पण माणूस एकच होता.” मी ते वाक्य तेव्हाच टिपून ठेवले.

आता मोजणीचा नियम पाहा. प्रथम राखीव जागा भरावयाची: अनुसूचित जातीच्या उमेदवारांत ज्याला सर्वांत अधिक मते तो तिच्यावर निवडून आला. मग उरलेल्या सगळ्या उमेदवारांत, जातीचा विचार न करता, ज्याची मते सर्वांत अधिक त्याला सर्वसाधारण जागा. म्हणजे राखीव जागेसाठी उभा राहिलेला दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवारही सर्वसाधारण जागेवर येऊ शकत असे. १९५७ मध्ये आंध्रात पार्वतीपुरमला तसे घडलेही. दोन्ही जागा आदिवासी उमेदवारांकडे गेल्या आणि पडलेले व्ही. व्ही. गिरी, पुढे राष्ट्रपती झालेले, सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडून हरले.

हा नियम ध्यानी घेतला म्हणजे भंडाऱ्यात सांगितली जाणारी हकिकत समजते. फेडरेशनच्या काही कार्यकर्त्यांनी म्हणे बाबासाहेबांपुढे प्रस्ताव मांडला की आपल्या मतदारांनी दुसरे मत कोणालाच देऊ नये, ते जाळून टाकावे. हिशेब उघड होता. फेडरेशनची मते मेहतांना मिळाली नाहीत तर मेहता मागे पडतील. काँग्रेसचा सर्वसाधारण उमेदवारही मागे राहिला तर बाबासाहेब राखीव जागी हरूनसुद्धा सर्वसाधारण जागी निवडून येतील. बाबासाहेबांनी नकार दिला. ज्याने घटना लिहिली त्याने मत वाया घालवा असे सांगावयाचे काय, त्यापेक्षा पडलेले बरे, असा त्या नकाराचा आशय सांगतात. मुंबईत आपल्यावर जो डाव झाला अशी तक्रार त्यांनी केली होती, तो स्वतः खेळणे त्यांना मंजूर नव्हते.

निकाल लागला. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर आठ हजारांहून थोड्या अधिक मतांनी निवडून आले. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. एकाच आघाडीतले दोन उमेदवार, एकच मतदारसंघ, तेच मतदार, प्रत्येकाला दोन मते. आणि एक आला, दुसरा पडला. फेडरेशनच्या अनुयायांचे दुसरे मत मेहतांकडे गेले. मेहतांच्या सवर्ण मतदारांचे दुसरे मत तितक्या निष्ठेने हत्तीच्या पेटीपर्यंत पोहोचले नाही. आकड्यांचा दुसरा अर्थ लावणे मला तरी जमलेले नाही. १९३२ साली येरवड्यात जो करार झाला त्याने स्वतंत्र मतदारसंघ जाऊन संयुक्त मतदारसंघात राखीव जागा आल्या. राखीव जागेवर कोण बसावयाचे हे बहुसंख्य समाजाच्या मतावर ठरेल, हा बाबासाहेबांचा जुना आक्षेप होता. भंडाऱ्यात तो त्यांच्यावरच गुदरला.

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. राखीव जागेसाठी १९५५ मध्ये आणखी एक पोटनिवडणूक झाली आणि अनसूयाबाई बोरकर लोकसभेत गेल्या. मेहता १९५७ मध्ये बिहारातील मुझफ्फरपूरहून निवडून आले, पुढे काँग्रेसमध्ये गेले आणि १९६७ मध्ये बैलजोडीच्या चिन्हावर पुन्हा भंडाऱ्याचे खासदार झाले. दुहेरी मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले, हे बरेच झाले. मतदाराच्या हातात दोन चिठ्ठ्या देऊन त्याच्या मनाची अशी परीक्षा घेण्याची रीत फार काळ चालण्याजोगी नव्हती.

परंतु ठवरे यांच्या खटल्यातला प्रश्न बंद झाला नाही. १९३५ साली येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केले होते की आपण हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही. १९५४ मध्ये भंडाऱ्यात अर्ज भरताना कायद्याच्या दृष्टीने ते हिंदू आणि महार होते; तसे नसते तर राखीव जागेवर उभेच राहता आले नसते. अडीच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, भंडाऱ्याहून फार दूर नसलेल्या नागपुरात लाखो अनुयायांसह त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. न्यायमूर्ती बोस यांच्या तीन कसोट्या त्यांनी दीक्षेच्या वेळी मनात आणल्या होत्या की नाही कोण जाणे. पण त्या दिवशी घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा वाचल्या तर दुसऱ्या कसोटीचे उत्तर तेथे शब्दाशब्दांत दिलेले आढळते. जुने नाते राखावयाचे की तोडावयाचे? तोडावयाचे. महानुभाव ठवरे जातीत राहिले म्हणून महार ठरले; नागपुरात जमलेली माणसे जातीतून उठून जाण्यासाठीच आली होती.

त्याची किंमत कायद्याने लगेच मोजून घेतली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा म्हणविण्यासाठी माणूस हिंदू असणे आवश्यक होते. १९५६ मध्ये त्यात शिखांची भर पडली, बौद्धांची नाही. १९६२ च्या निवडणुकीत डॉ. डी. पी. मेश्राम नागपूर भागातील एका राखीव मतदारसंघातून महाराष्ट्र विधानसभेवर निवडून आले. त्यांच्याविरुद्ध तक्रार झाली की हे बौद्ध झाले आहेत. पुन्हा साक्षी, पुन्हा कागद, पुन्हा सर्वोच्च न्यायालय. ठवरे यांचा खटला तेथेही पुढे आला, पण या वेळी पुरावा उलट दिशेने बोलला. मेश्राम यांनी आपण बौद्ध झाल्याचे उघड सांगितले होते, आणि जो उघडपणे हिंदू धर्म सोडतो त्याला हिंदूंसाठीची सूची लागू नाही. निवडणूक रद्द झाली. महाराष्ट्र राज्याने नवबौद्धांना शिक्षणाच्या आणि नोकरीच्या सवलती आपल्यापुरत्या दिल्या होत्या. राखीव मतदारसंघ मात्र राज्याच्या हातात नव्हते.

ते दार उघडले १९९० साली, जेव्हा संसदेने आदेशात दुरुस्ती करून हिंदू आणि शीख यांच्यापुढे बौद्ध हा शब्द घातला. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा चौतीस वर्षे होत आली होती. मधल्या काळात प्रत्येक निवडणुकीत राखीव जागेचा अर्ज भरताना विदर्भातल्या बौद्ध माणसापुढे दोनच मार्ग होते: अर्जावर हिंदू लिहावयाचे, नाही तर अर्ज भरावयाचा नाही. किती जणांनी पहिला पत्करला आणि किती जणांनी दुसरा, हे कोणत्याही निकालपत्रात नोंदलेले नाही.